नाणे कोणाचे, जोखीम कोणाची?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खारदांड्याच्या किनाऱ्यावरून मासेमारीची होडी समुद्रात निघते तेव्हा तांडेल स्वतः त्या होडीत असतो. वादळ आले तर ते त्याच्याही डोक्यावर येते आणि जाळे रिकामे परतले तर त्याचाही वाटा रिकामाच राहतो. खलाशी त्याचा शब्द मानतात, तो केवळ त्याच्या अनुभवामुळे नव्हे. आपला जीव आणि त्याचा जीव एकाच फळीवर आहे, हे त्यांना ठाऊक असते. व्यापारातही भागीदाराची पारख अशीच होते. लाभात वाटा मागणारा मनुष्य तोट्याच्या दिवशी कोठे उभा असेल, हा प्रश्न पेढीवरच्या जुन्या मंडळींनी नेहमीच पहिला मानला.

हा प्रश्न आज नव्या रूपात घराघरांत आला आहे. तरुण मुलाच्या हातातील मोबाइलवर रोज एखाद्या नव्या ‘टोकन’ची वार्ता येते. आज एक रुपया, उद्या शंभर, असे तीत लिहिलेले असते. वडीलधारी मंडळी त्याला जुगार म्हणून मोकळी होतात, तर मुले वडिलांना जुन्या जमान्याची म्हणतात. दोन्ही बाजूंनी संवाद तुटतो आणि मधल्या मध्ये घरातील बचत जाते. म्हणून या विषयाकडे रागाने किंवा मोहाने न पाहता हिशोबाने पाहणे अगत्याचे आहे.

टोकन म्हणजे काय?

टोकन म्हणजे संगणकीय खातेवहीतील नोंद. ही खातेवही एका पेढीत न राहता जगभरच्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. तिला ब्लॉकचेन म्हणतात. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेले बिटकॉइन हे तिचे पहिले मोठे उदाहरण. त्यात कोणीही आपल्यासाठी फुकट साठा राखून ठेवला नव्हता. ज्याचा संगणक श्रम करील त्याला नवे नाणे मिळे. पुढे मात्र कोणालाही आपले स्वतःचे टोकन काही मिनिटांत आणि अल्प खर्चात तयार करता येईल, अशी सोय झाली. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

समजा, एका मनुष्याने शंभर कोटी टोकन निर्माण केले. नव्वद कोटी स्वतःकडे आणि मित्रांकडे ठेवले, पाच कोटी प्रसिद्धी करणाऱ्यांना वाटले आणि उरलेले पाच कोटी दहा रुपये भावाने बाजारात आणले. लगेच जाहिरात होते की या उपक्रमाचे ‘बाजारमूल्य’ एक हजार कोटी रुपये आहे. कापडाच्या व्यापाऱ्याला यातील खोट चटकन कळावी. बाजारात एक थान चढ्या भावाने विकले गेले, म्हणून गोदामातील हजार थाने त्याच भावाने कोणी ताळेबंदात दाखवत नाही. शिल्लक मालाचे मूल्य खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते धरावे, असे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. टोकनच्या जाहिरातीत हा नियम उलटा फिरवलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या मनुष्याची नव्वद कोटींची खरेदीची किंमत जवळजवळ शून्य आहे. भाव दहावरून दोन रुपयांवर आला तरी त्याला नफाच होतो. घेणाऱ्याची मात्र ऐंशी टक्के पुंजी जाते. शिवाय विक्रीचे पैसे त्याच्या हाती पहिल्याच दिवशी पडतात आणि वचन दिलेले काम पुढे करायचे असते. मजुरी आधी, काम नंतर आणि काम न झाल्यास जाब कोणालाच नाही, अशी व्यवस्था असेल तर चांगल्या मनुष्याची बुद्धीही फिरू शकते. टोकनविक्रीतील दोष केवळ लबाड माणसांचा नाही, तो या व्यवस्थेच्या रचनेतच आहे.

हुंडीने शिकवलेला धडा

पैसा कागदावर किंवा संदेशावर चालू शकतो, हे व्यापारी समाजाला नवे नाही. हुंडी शतकानुशतके चालली. परंतु तिच्यामागे नाव होते. शहाजोग हुंडीची रक्कम केवळ ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच दिली जाई. पुढे ती हुंडी बनावट ठरली तर रक्कम स्वीकारणाऱ्या शहाला ती व्याजासह परत करावी लागे. हुंडीचा कागद अनोळखी हातांतून फिरला तरी शेवटी एक ओळखीचा मनुष्य जबाबदार राही. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय होई. कोणती जोखीम कोणाच्या शिरावर, हे कागद लिहितानाच ठरलेले असे.

विश्वास ठेवायचाच नाही, असे हुंडी सांगत नव्हती. विश्वासाला धनी असावा, एवढेच तिचे सांगणे होते. नव्या तंत्राचे पुरस्कर्ते म्हणतात की खातेवहीच अशी बनवली आहे की कोणावर विश्वास ठेवण्याची गरजच नाही. नोंद खरी राहते, हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे. परंतु खोट्या मालाची नोंद अचूक लिहिली गेली, म्हणून माल खरा होत नाही.

मुंबईने हे पूर्वी पाहिले आहे

फोर्टमधील राजाबाई टॉवर सर्वांच्या परिचयाचा आहे. सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली त्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली आणि १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. मातोश्री राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटेवरून कळावी, हा त्यामागचा हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते. या मनोऱ्याचा पाया ज्या संपत्तीतून घातला गेला तिच्या काळाची दुसरी बाजूही स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा ठेवायचा कोठे, या प्रश्नातून रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅकबे भरणीच्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर त्याच्या अनेक पटींनी विकला गेला. प्रवर्तक मूळ किमतीत शेअर घेत आणि अधिमूल्यावर विकत. भरणीचे काम पुढे कधीतरी व्हायचे होते, नफा मात्र आजच हाती येत होता. बँक ऑफ बॉम्बे शेअरच्याच तारणावर कर्जे देई आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध थांबले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला आणि अनेक नामांकित पेढ्या एकामागून एक कोसळल्या. बँकही बुडाली आणि तिच्या चौकशीसाठी सरकारला १८६८ साली आयोग नेमावा लागला.

त्या काळी संगणक नव्हता, पण रचना हीच होती. स्वस्तात घेणारा आतला मनुष्य, महागात घेणारा बाहेरचा मनुष्य आणि दोघांमध्ये भविष्याचे एक सुंदर चित्र. फरक एवढाच की चौकशीच्या दिवशी माणसे सापडत होती. त्यांची नावे, पेढ्या आणि वह्या शहरात होत्या.

गेनबिटकॉइनची कथा

अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातीलच घ्यावे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत लोकांनी बिटकॉइन द्यावे आणि त्यावर दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने परतावा घ्यावा, असे सांगण्यात आले. म्हणजे शंभराचे एकशे ऐंशी. हा परतावा संगणकीय ‘खाणकामा’तून येतो, असा दावा होता. नवे सभासद आणणाऱ्यास मोबदला मिळे. तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे आरंभी परतावा बिटकॉइनमध्ये दिला गेला आणि त्यामुळे विश्वास वाढला. २०१७ पर्यंत नव्या पैशाचा ओघ आटला, तेव्हा योजनेने एकतर्फी निर्णय घेऊन ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच टोकन परताव्यादाखल देण्यास सुरुवात केली. त्याचे मूल्य बिटकॉइनच्या तुलनेत नगण्य होते.

यातील मर्म असे की देणेकऱ्याने आपले देणे फेडण्यासाठी स्वतःच छापलेले नाणे वापरले. व्यापाऱ्याने उधारी थकवावी आणि वसुलीला आलेल्या माणसाच्या हाती आपल्याच दुकानाची कुपने ठेवून खाते बेबाक झाल्याचे लिहावे, असाच हा प्रकार. टोकन काढण्यामागे काय लाभ असू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळा.

पुढचा घटनाक्रम जबाबदारीच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. योजनेचा सूत्रधार म्हणून ज्यांच्यावर आरोप होता त्या अमित भारद्वाज यांना पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, तपासात साह्य करण्यासाठी घेतलेल्या दोघा सायबर तज्ज्ञांनाच जप्त क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी पकडले. निरनिराळ्या राज्यांतील गुन्हे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. सक्तवसुली संचालनालयाने गोळा झालेल्या बिटकॉइनचे २०१७ च्या भावाने मूल्य सुमारे ६,६०० कोटी रुपये सांगितले आहे. पैसा जाण्यास काही महिने लागले, जाब मागण्यास मात्र अनेक वर्षे.

जगात सर्वत्र हेच चित्र दिसते. ईओएस नावाच्या टोकनची विक्री जून २०१७ ते जून २०१८ अशी वर्षभर चालली आणि सुमारे चारशे कोटी डॉलर जमा झाले. नोंदणी न करता विक्री केल्याबद्दल अमेरिकेच्या नियामकाने २०१९ मध्ये त्या कंपनीस दंड केला तो दोन कोटी चाळीस लाख डॉलरचा, म्हणजे जमा रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी. दंड जर विक्रीच्या दलालीएवढाही नसेल, तर धाक कोणाला वाटणार?

मुंबईची दोन टोकन

सर्वच टोकन फसवणुकीसाठी निघतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईतच २०१७ साली जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन या तरुणांनी ‘मॅटिक’ हा उपक्रम सुरू केला. पुढे तो पॉलिगॉन या नावाने जगभर गेला. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी एकूण एक हजार कोटी टोकनपैकी १९ टक्के लोकांना विकून सुमारे पन्नास लाख डॉलर उभे केले. संस्थापक आणि सहकाऱ्यांसाठी १६ टक्के राखले होते, पण ते एकदम न मिळता टप्प्याटप्प्याने मोकळे होणार होते. वाटणी आधी जाहीर केलेली होती आणि माणसे नावाने समोर होती.

१० डिसेंबर २०१९ रोजी या टोकनचा भाव थोड्याच वेळात सुमारे सत्तर टक्के कोसळला. साहजिकच बोट संस्थापकांकडे गेले. त्यांनी इन्कार केला आणि एक्स्चेंजच्या प्रमुखांनीही, यात त्यांचा हात नसून मोठे व्यापारी घाबरून विकते झाले, असे सांगितले. संस्थापकांच्या साठ्याच्या हालचाली सार्वजनिक खातेवहीत कोणालाही पाहता येत होत्या. उघड वहीचा खरा उपयोग तो हाच. मात्र वही उघड असून भागत नाही, कोणते खाते कोणाचे, हेही माहीत असावे लागते. भावाची हमी कोणीच देऊ शकत नाही. प्रामाणिक टोकनही पडते. जबाबदार प्रवर्तकाची ओळख भाव चढण्यात नसते, भाव पडलेल्या दिवशी तो उत्तर देण्यास हजर असण्यात असते.

दुसरे टोकन वझीरएक्स या मुंबईच्याच एक्स्चेंजचे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे ‘डब्ल्यूआरएक्स’ हे टोकन दोन सेंट भावाने विकले गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये ते पाच डॉलरच्या वर पोहोचले. बायनान्स या जगातील मोठ्या कंपनीने वझीरएक्स विकत घेतल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले होते, त्यामुळे लोकांना भरवसा वाटला. ऑगस्ट २०२२ मध्ये चौकशीचा ससेमिरा लागला, तेव्हा तो व्यवहार पूर्ण झालाच नाही, असे बायनान्सच्या प्रमुखांनी सांगितले. वझीरएक्सच्या संस्थापकांनी याच्या नेमके उलट सांगितले. मालक कोण, हा साधा प्रश्न तीन वर्षांनी वादात पडला. १८ जुलै २०२४ रोजी सायबर चोरांनी तेथून सुमारे तेवीस कोटी डॉलरची मालमत्ता पळवली आणि भारतातील ग्राहकांची मालमत्ता अडकून पडली. तिचा निकाल सिंगापूरच्या उच्च न्यायालयात लागला. पुन्हा व्यवहार सुरू झाले ते २४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे पंधरा महिन्यांनी. चोरी हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा दोष टोकन काढण्यावर नाही. परंतु जाब विचारण्याचे दार आपल्या शहरात नसून सात समुद्रांपलीकडे आहे, हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले.

कायदा कोठे उभा आहे?

शेअरबाजाराने हा धडा नुकसान सोसून गिरवला. नव्वदीच्या दशकात भांडवल गोळा करून अदृश्य झालेल्या कंपन्या अनेकांच्या स्मरणात असतील. आज सार्वजनिक विक्री करणाऱ्या कंपनीच्या प्रवर्तकांचा किमान वीस टक्के वाटा सेबीच्या नियमांनुसार ठरावीक काळ कुलूपबंद असतो. माहितीपत्रात खोटे विधान असल्यास संचालकांवर दिवाणी आणि फौजदारी जबाबदारी येते. प्रवर्तकाला होडीतच बसवण्याची ही तजवीज आहे.

टोकनविक्रीसाठी भारतात असा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. युरोपीय संघाने मात्र आपला कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू केला असून, त्यात माहितीपत्र आणि त्यातील चुकीची जबाबदारी निश्चित केली आहे. आपल्याकडे २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना काळ्या पैशाविरोधी कायद्याखाली आणले आहे. सरकार कर घेते म्हणजे सरकारने हमी दिली, असा समज कोणी करून घेऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, क्रिप्टो ही मालमत्ता असून ती विश्वस्त नात्याने धारण करता येते, असे मत दिले. ही आशेची बाब आहे, कारण ‘विश्वस्त’ हा शब्द आला की हिशोब मागण्याचा अधिकारही येतो.

शब्दाची पत

या साऱ्यात समाजाचे सर्वांत मोठे नुकसान पैशाचे नाही. अशा योजना अनोळखी मनुष्याकडून क्वचितच येतात. त्या मामेभावाकडून, व्याह्यांकडून, दुकानाच्या शेजाऱ्याकडून येतात. आणणाऱ्याला दहा जणांमागे मोबदला मिळतो आणि बहुधा तो स्वतःही फसलेलाच असतो. पैसा बुडतो तेव्हा प्रवर्तक दूर देशी असतो. दोषाचा धनी होतो तो रोज समोर दिसणारा आप्त. लग्नकार्यात बोलणे थांबते, दोन घरांचे येणेजाणे बंद होते. ज्या समाजात तोंडी सौद्यावर लाखोंचा माल सुटतो तेथे शब्द हेच भांडवल आहे आणि ते एकदा गेले की कोणतेही न्यायालय मिळवून देत नाही. खोटे माप आणि नकली माल यांना आपल्या परंपरेने अचौर्य व्रतातील दोष मानले आहे. ज्याचे वजन स्वतःलाच माहीत नाही अशा मालाची शिफारस करणे, हेही त्याच पंक्तीत बसावे.

म्हणून घरातील तरुणाने नव्या टोकनची गोष्ट काढली तर त्याला झिडकारू नये, त्याच्याशेजारी बसून पाच प्रश्न विचारावेत. हे काढणाऱ्याचे खरे नाव आणि पत्ता काय? एकूण साठ्यापैकी त्याच्याकडे किती आणि तो त्याला केवढ्याला पडला? तो साठा किती काळ कुलूपबंद आहे? जमा झालेल्या पैशाचा हिशोब कोण तपासतो? आणि शिफारस करणाऱ्याला त्यातून काय मिळते? पाचही उत्तरे समाधानकारक असली तरी बुडाले तर चालेल एवढीच रक्कम त्यात असावी. एकही उत्तर न मिळाले तर चर्चा तेथेच थांबवावी. हे प्रश्न विचारण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. नव्या भागीदाराला किंवा नव्या आडत्याला प्रत्येक पेढीवर हेच विचारले जातात.

शेवटी या सुवर्णमहोत्सवाकडेच पाहावे. सार्वजनिक न्यासाचे पैसे कोठे ठेवायचे, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने ठरवून दिले आहे. विश्वस्तांची नावे नोंदलेली असतात, वर्षाला हिशोब तपासला जातो आणि विश्वस्ताला न्यासाच्या पैशातून स्वतःचा लाभ घेता येत नाही. कोणी एक रुपया दिला तरी त्याची पावती फाटते. पन्नास वर्षे संस्था टिकते ती अशा साध्या शिस्तीवर. नव्या युगाचे नाणे या कसोटीवर उतरेल, तेव्हा त्याचे स्वागत व्यापारी समाज सर्वांआधी करील. तोपर्यंत होडीत चढण्यापूर्वी एवढेच पाहावे की तांडेल आत बसला आहे, की किनाऱ्यावर उभा राहून हात हलवतो आहे.